पोकलेनचं बूच

बिनकामाची वस्तू मला घरात खपत नाही. फाटक्या बनियनचं फडकं होतं, फडकं विरलं की त्याची चिंधी कढई उतरवायला जाते. (आमचे हे कधीकधी चाचरत विचारतात, "मी म्हातारा व्हयनू तं मन्हं काय करशी वं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.)

तर या आमच्या ह्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी गुजरातच्या हद्दीवरून एक जुनं पोकलेन विकत आणलं. लांब हाताचं, साखळीवर चालणारं ते खोदायचं धूड म्हसावदला आमच्या दारात उभं राहिलं आणि मी पदर खोचला. पूजेआधी केबिन साफ नको? आतून काय काय निघालं! बिड्यांची थोटकं, वाळून खडा झालेली तीन लिंबं, एकाच पायाची चप्पल. आणि सीटच्या मागे वायरींच्या जुडग्याच्या टोकाला एक काळं बूच. अंगठ्याएवढं. त्याच्या पुढे वायर नाही, काही नाही, नुसतं लटकलेलं. ओढलं तर निघालं. आत छान रबराची रिंग होती.

आमच्या शेतात न्यायच्या पाण्याच्या जगची तोटी महिनाभर गळत होती. मी ते बूच तोटीवर दाबून बघितलं. टच्चकन बसलं! थेंब गळेना. मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

मशीनचं पहिलं काम माझ्या माहेरी करायचं, हा माझाच हट्ट. सारंगखेड्याजवळ आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग आहे. त्यांना नदीवरून येणारी जुनी पाइपलाइन काढून नवी टाकायची होती. ह्यांनी जुने पाइप उपसून बाजूला टाकले, निम्मी चारी खोदली, आणि पोकलेन थांबलं. इंजिन चालू, पण हात हलेना! बकेट हवेत तशीच. स्क्रीनवर लाल इंग्रजी अक्षरं आली. त्यांचा अर्थ एवढाच, की संपर्क होत नाही.

"कोनासंगे संपर्क?" आबांनी विचारलं.

"तेच तं समजी नही ऱ्हायनं, आबा," हे म्हणाले.

मग उपाय सुरू झाले. चावी बंद कर, चालू कर. फ्यूज बदल. बॅटरीची टोकं घास. स्क्रीनला दोन चापट्या मार! चापटीने पाच मिनिटं चालायचं, आम्ही सगळे "चालनं, चालनं!" म्हणून ओरडायचो, की पुन्हा मुकं. दुसरं मशीन आणावं तर तालुक्यातली सगळी कामावर गेलेली, आणि आमचं धूड नेमकं चारीवर आडवं! मजूर लावून हाताने खोदायला घेतलं, तर खाली दगड लागला.

भर वैशाख, आणि बागेला पाणी नाही. दुसऱ्या दिवशी पानं लोंबायला लागली. "आखो दोन दिन गयात तं केळी माना टाकतीन," आबा म्हणाले, आणि ओळीओळीने पानांना हात लावत फिरत राहिले. मला ते बघवेना. बघवेना म्हणून मी नवऱ्यावर सुटले.

"मी सांगेल व्हतं तुमले, जुनं लेऊ नका!" (सांगितलं नव्हतं. पण अशा वेळी सांगितलेलं असतं.)

ह्यांनी जुन्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "हमारे यहाँ तो मक्खन चलता था, भाई. तुमने कुछ निकाला तो नहीं?"

मी फोन हिसकावून घेतला. "आम्ही काय काढणारी माणसं वाटलो का तुम्हाला? एवढी घाण ठेवून मशीन विकता, ती मी साफ केली, वर आम्हालाच विचारता?" असा झापला, की त्याने फोनच बंद करून टाकला. ह्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. लग्नानंतर दुसऱ्यांदा!

तिसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याहून भिकनभाऊ आले. पोकलेनच्या वायरिंगमधला मोठा माणूस. आल्या आल्या त्यांनी जगचं बूच काढलं, गटागटा पाणी प्याले, बूच परत बसवलं आणि म्हणाले, "बूच झकास शे वहिनी. थेंब गळत नही."

"मीच बसवलंय," मी म्हणाले. मान ताठ!

मग ते मीटर घेऊन केबिनमध्ये शिरले. थोड्या वेळाने घाम पुसत बाहेर आले आणि आम्हाला समजावून सांगू लागले. या मशीनमध्ये इंजिनचा एक डबा, पंपाचा एक, आणि स्क्रीन. तिघं दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. त्या वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक प्लग लागतो. दोन्ही असले तर मीटर साठ ओहम दाखवतं; एकच असला तर दुप्पट, आणि मशीन कधी चालतं, कधी मुकं होतं.

"आठे एकशेवीस दखाडी ऱ्हायनं. म्हंजे एक प्लग गायब शे. कोनी तरी काढेल शे."

"कसा राहस तो?" ह्यांनी विचारलं.

भिकनभाऊंनी पुन्हा पाणी घ्यायला बूच काढलं. पेला भरला. आणि ते बूच हातात नाचवत सांगू लागले, "काळा राहस. आंगठायेवढा. आतमा रबर. वायर-बियर काही नही, म्हनीसन मानूसले वाटस, बिनकामना शे!"

मी त्यांच्या हातातलं बूच बघितलं आणि ओळखलं. त्यांनी ते जगच्या तोटीवर परत दाबलं आणि सगळे प्लग शोधायला पांगले. नवरा सीटखाली वाकला. आबा त्या वयात चारीत उतरून ढेकळं उलटी करायला लागले. मी एकटी जगपाशी.

कबूल करायचं? तीन दिवस नवऱ्याला झोडपल्यावर? माझ्या डोक्यात एक विचार आला. बूच गुपचूप काढायचं, सीटमागे टाकायचं, आणि मग ओरडायचं, "सापडलं!" शाबासकी पण माझीच. मी बूच काढलं, पदराखाली घेतलं आणि साळसूदपणे केबिनकडे निघाले.

चार पावलंही गेले नसेन, आबा चारीतून ओरडले, "आरे, पानी कसं गळी ऱ्हायनं? बूच कथा गयं?"

सगळ्यांनी जगकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मूठ उघडली.

भिकनभाऊंनी बूच बघितलं, हातातला पेला बघितला, आणि तिथेच मातीत बसले. हसू आवरेना त्यांना. मग उठून त्यांनी ते टॉवेलने पुसलं, फुंकर मारली, मीटर लावलं. प्लग शाबूत होता! जागेवर बसवला. मीटरने साठ दाखवलं. ह्यांनी चावी फिरवली आणि त्या धुडाने हात असा उचलला, की मला रडूच फुटलं.

दुपारी चारी पूर्ण झाली. संध्याकाळच्या आत पाइप जोडून बागेत पाणी सुटलं. आबा चिखलात अनवाणी उभे राहून हसत होते. नवरा बिचारा नुसता आबांकडे बघत राहिला.

"मन्हाकडे काय देखतस, पाव्हना?" आबा म्हणाले. "पोर तुमले दिधेल शे. आते वापस लेवाव नही!"

भिकनभाऊंनी जाताना एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून प्लगला तारेने घट्ट बांधली: "कामाची वस्तू आहे. वहिनी, हात लावू नका." जगला आम्ही नवी तोटी आणली.

परवा खूप दिवसांनी केबिन पुसायला घेतली. सीटच्या मागे, ग्रीसने काळा पडलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लोंबत होता. अक्षर एकही लागेना. बिनकामाचा! मी काढून टाकला.