दादाचा स्पीकर मी निवडला

हे मी अजून एकदाही तोंडाबाहेर काढलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसले होते—तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या ओळखीचे नाही, म्हणूनच असेल.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला स्पीकरच्या कारखान्यात कामाला होते. स्पीकरच्या कागदी कोनाला कॉइल चिकटवायची, सुकला की नखाने टिचकी मारायची. टिचकीच्या आवाजावरून मी सांगायचे, हा स्पीकर कसा बोलणार. सुपरवायझरही मला विचारायचा. हे आधीच सांगून ठेवते—‘बिचारीला कळलं नसेल’ असं कुणी म्हणायला नको.

कळलं होतं.

माझा मोठा भाऊ, वसंतदादा, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. संप झाला, गिरणी गेली, आणि कांदिवलीच्या आमच्या खोलीत दादा माउथ ऑर्गन घेऊन बसला. वाजवायचा मात्र झकास, खोटं कशाला बोलू? बोटीवर खलाशी असलेल्या मामाने त्याला एक जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणून दिला होता, शिवणाच्या मशीनच्या पेटीएवढा. दादा माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही ओंजळीत धरून फुंकायचा. जोर लावला की त्या जुन्या स्पीकरचा पातळ कागद थरथरायचा आणि सूर जरासा फाटायचा, रडून घसा बसलेल्या माणसासारखा. दादा म्हणायचा, याला ब्लूज म्हणतात. आई म्हणायची, याला रडगाणं म्हणतात, आणि ते आमच्या घरात आधीच भरपूर आहे.

मग एकदा उंदराने स्पीकरचा कोन कुरतडला. कागदच तो. दादाचा चेहरा एवढासा झाला. पण लगेच मला म्हणाला, “तूच आण गो नवो. तुका कळता.”

त्याला घाई होती. मनोरीच्या एका हॉटेलवाल्याने रविवारी दुपारी वाजवायला बोलावलं होतं. पसंत पडलं तर दर शनिवार-रविवार. आणि मला कसली घाई होती? आमच्या कारखान्यात पॅकिंगला एक जागा होती, सुपरवायझर ती सोमवारपर्यंतच दादासाठी धरून ठेवणार होता. मुलुंडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा मला आवडला होता. पण घरात दुसरा पगार येईपर्यंत तुझं लग्न कसं करायचं, असं आई म्हणत होती. दादा त्या हॉटेलात वाजवायला लागला असता तर पॅकिंगला कशाला आला असता?

कारखान्यात बारीकसारीक खोट निघालेला माल आम्हाला न्यायला मिळायचा. फळीवर एका मापाचे दोन स्पीकर होते. एक रेडिओचा, पातळ कागदाचा. टिचकी मारली—ढब्. अगदी दादाचाच आवाज. दुसरा सभेतल्या भाषणांसाठीचा, जाड, कडक कोनाचा. टिचकी मारली—टक्. दोन्ही हातात घेऊन मी किती वेळ उभी होते? फार नाही. पातळ कागदाचा मी फळीवर परत ठेवला.

स्पीकर शनिवारी रात्री उशिरा बसवला, वाजवून बघणं राहूनच गेलं. रविवारी मीही मनोरीला गेले होते. दादाने फुंकलं आणि सगळं लख्ख ऐकू आलं—सूर, श्वास, ओठ सरकल्याचा आवाजसुद्धा. फाटणं तेवढं नव्हतं. तो आणखी जोर लावत गेला, आवाज आणखी टोचत गेला. जेवणारी माणसं आपापसांत बोलायला लागली. हॉटेलवाला भला माणूस, “बघू” म्हणाला.

परतताना होडीत दादाने अॅम्प्लिफायर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. “ह्यो माझो आवाज न्हय गो,” म्हणाला. “स्पीकर बरो आसा मा?”

तिथेही सांगता आलं असतं. मार्व्याचा धक्का यायला अजून अवकाश होता.

मी म्हणाले, “स्पीकर कोरो आसा, दादा. इतकी वर्षां साच्यांच्या खडखडाटात काढलंस, कान शाबूत रवतलो काय तुझो?”

त्याने लगेच मानलं. त्याच्या खात्यातले निम्मे लोक बहिरे झाले होते, का नाही मानणार? त्याने माउथ ऑर्गन शर्टाने पुसून खिशात टाकला. नंतर तो मला कधी त्याच्या ओठाला दिसला नाही. सोमवारी तो पॅकिंगला लागला. पुढच्या मार्गशीर्षात माझं लग्न झालं, मांडवात पाहुण्यांचं सगळं त्यानेच बघितलं. निवृत्त होईपर्यंत तो स्पीकर खोक्यांत भरत राहिला. कुणी गाणं कसं आहे विचारलं, तर म्हणायचा, माझा कान गेलाय, हिला विचारा.

अलीकडे दादाच्या सोसायटीत कान तपासायचं शिबिर होतं. मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टरीण बाई कागद बघून म्हणाली, “काका, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत.”

दादा हसला. “मशीन बिघडलेला आसतला,” म्हणाला. “माझ्या भयणीन जल्मभर स्पीकर केल्यान. तिका कळता, तुमच्या मशीनीक काय कळता?”

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घातली, दादाच्या खिशात ठेवली, आणि त्याच्या चपला पुढे सरकवल्या.