धुराच्या रंगाचं पीस

मामांचे कोंबडे आरवायचे बंद झाले, तेव्हा गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं कशाला बोला? उजाडलं रे उजाडलं की त्या मागच्या अंगणातून जो गदारोळ उठायचा, त्यानं अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसायची. शेजारच्या शिंप्यानं तर हसत हसत विचारलंसुद्धा, "काय मामा, शाळेत घातलेत की काय कोंबडे? फार शहाणे झालेत!" मामाही हसले. एकट्या मामींना काही हसू आलं नाही.

हे मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या गल्लीचे मामा. धंदा कोंबड्यांचा, पण अंड्यांचं किंवा मटणाचं नाव काढलं की नाक मुरडायचे. त्यांचा धंदा पिसांचा. काही लोक मासे धरताना गळाला गांडूळ लावत नाहीत. आकड्यावर पीस आणि दोरा गुंडाळून नकली माशी बांधतात आणि ती पाण्यावर सोडतात. मासा फसतो आणि झेप घेतो. पण माशी तरंगली तर! ती तरंगते कोंबड्याच्या मानेवरच्या पिसामुळे. चांगल्या पिसाचे तंतू इतके ताठ असतात की आकड्याचं लोखंड पाण्यावर उचलून धरतात. असं पीस पिकेपर्यंत कोंबडा जपायचा, पिकलं की हलक्या हातानं एकेक उपटायचं, कोंबडा पुन्हा पिंजऱ्यात आणि नवं पीस पुन्हा उगवायला. मामांनी जन्मभर हेच केलं, त्यांच्या वडिलांनीही हेच केलं.

आणि दोघांनीही जन्मभर एकाच रंगाची वाट पाहिली. चुलीवरून वर जाणाऱ्या धुराचा जो रंग असतो ना, राखाडी पण आत कुठेतरी निळा, तो रंग. वडिलांच्या वेळी असा एक कोंबडा निपजला होता. त्याचा वंश वाढायच्या आतच बोक्यानं त्याची मान धरली. मागे राहिलं एक पीस, ते मामांनी चष्म्याच्या जुन्या डबीत जपून ठेवलं होतं. काळ्या पिसाला रंग देऊन हा रंग आणता येतो म्हणे, पण रंगवलेलं पीस पाण्यात गेलं की मेल्यासारखं दिसतं. खरं पीस हवं. त्यासाठी मामांनी किती कोंबडे-कोंबड्यांच्या जोड्या लावल्या, किती पिल्लं वाढवली, सगळं फुकट. निपजायचे ते काळेच.

मग मामांच्या डोक्यात पाण्याचं खूळ शिरलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, त्यानं पिसाची चमक जाते, असं त्यांच्या मनानं घेतलं. मागच्या अंगणात बोअर खणून घेतली. खडक फोडून खोल, पार खोल गेल्यावर पाणी लागलं. पाणी काय, अमृत! काचेसारखं स्वच्छ आणि गोड. मामी मात्र हटून बसल्या. "कोंबड्यांचं पाणी कोंबड्यांना. माझ्या स्वयंपाकघरात नळाचंच येईल." मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात जाणारी, दिवे लागल्यावर परतणारी, त्यांना कुठलं पाणी नि काय. पण घरात एकजण होती, तिला ते पाणी भारी आवडलं. मामांची नात.

तिला सगळे टिटवी म्हणत. कारण उघड होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून जी टिवटिव सुरू व्हायची ती झोपेतच थांबायची. आजोबांची शेपूटच ती. "आजोबा, मला कोंबड्यांचं गोड पाणी," असा तिचा हट्ट, आणि मामा तिची शाळेची बाटली रोज स्वतःच्या हातानं बोअरच्या नळाखाली भरून द्यायचे. मामी कटकट करायच्या तेव्हा हा माणूस वर डोळे मिचकावायचा. नातीचे केस म्हणजे मामांचा अभिमान. काळेभोर. "माझ्या सगळ्यात चांगल्या कोंबड्याला इतका काळा रंग नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि सून कपाळाला हात लावी.

बोअरला पाणी लागलं, पिसांची एक उपटणी झाली, नवी पिसं उगवू लागली. एका सकाळी मामा पिंजऱ्यापुढे उभे राहिले ते उभेच. थोरल्या काळ्या कोंबड्याच्या मानेवरची नवी पिसं टोकाला काळी होती आणि बुडाशी धुराची.

मामांनी डबी आणली. वडिलांचं पीस शेजारी धरलं. तोच रंग. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "अगं ए, बाहेर ये! आला गं, आला!" मामी धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं चोर आला.

आता थोडा विचार केला असता तर? काळा जन्मलेला कोंबडा म्हातारपणी रंग कसा बदलेल? हे मामांना कळत नव्हतं असं नाही. पण माणूस जन्मभर ज्याची वाट पाहतो ते दारात आल्यावर त्याला नाव-गाव विचारत बसतो का? मामांनी नाही विचारलं. पुढच्या उपटणीनंतर शेजारच्या पिंजऱ्यातलाही धुरकटला. मग तिसरा.

आणि इथंच मामांनी ती चूक केली. वडिलांची शिस्त होती, रोज सकाळी प्रत्येक कोंबडा हातात घ्यायचा आणि दोन बोटं त्याच्या छातीच्या हाडावर ठेवायची. हाड बोटाला टोचलं की समजायचं, कोंबडा आतून खंगतोय. "आधी हाड बघ, मग पीस," वडील म्हणायचे. मामांनी ही शिस्त कधी मोडली नव्हती. पण हाताचा घाम लागला की पीस तेलकट होतं, आणि आता पिसं ही अशी, जन्मात एकदा मिळणारी. मामांनी त्या कोंबड्यांना हात लावायचंच सोडलं. लांबून दाणे, लांबून पाणी, पीस उपटायचं तेही गजांतून चिमट्यानं, आणि एरवी लांबूनच डोळे भरून बघणं.

"अहो, ते आरवत का नाहीत?" मामी विचारायच्या.

"शांत झालेत. बरंच आहे, पंख फडफडवून पिसं मोडत नाहीत."

"सारखे बसलेले असतात."

"मग काय नाचू देत?"

मामींच्या मनातली पाल मात्र चुकचुकायची थांबत नव्हती. पहाटे त्या जाग्या होत आणि अंगणाकडे कान लावून पडत. काही नाही. नुसता पाण्याच्या नळाचा थेंब.

त्याच सुमाराला टिटवीही मलूल झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी. गल्लीतली पोरं हाका मारून दमली, ही उठेना. बोलणंही एक-दोन शब्दांवर आलं. कधी मामांजवळ येऊन हात वर करायची, "आजोबा, उचला ना." मामा दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. "नको गं बाई, आत्ताच हात धुतलेत, पिसांना हात लावायचाय." ती तशीच उभी राहायची आणि मग भिंतीला टेकून खाली बसायची. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वाढतं वय आहे, अंगात रक्त कमी दिसतंय, पालेभाज्या द्या, पाणी भरपूर पाजा. मामांनी त्याच दिवशी मोठी बाटली आणली.

मग माशीवाला आला. माशा बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तो वर्षानुवर्षं मामांचीच पिसं नेत होता. हा रंग कधी निपजला तर आधी मला कळवा, असं तो इतक्या वेळा म्हणाला होता की ते दोघांमधलं थट्टेचं बोलणं झालं होतं. मामांनी पिसं टेबलावर मांडली. टेबल उत्तरेच्या खिडकीशी, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा असतो आणि रंग लपू देत नाही. माशीवाला टेबलावर वाकला.

"मामा, मला चिमटा काढा," तो म्हणाला.

"आधी बांधून तर बघ!" मामा नुसते फुलून गेले होते.

टेबलाच्या कडेला त्यानं आपला छोटा शिकंजा बसवला, त्यात आकडा धरला, पीस गुंडाळलं, दोऱ्याला गाठ मारली. अशी सुरेख माशी मामांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मामींनी वाडग्यात पाणी आणून ठेवलं. माशीवाल्यानं माशी अलगद पाण्यावर सोडली.

ती बुडाली.

"तू ओली केलीस," मामा म्हणाले.

त्यानं दुसरी बांधली. तीही सरळ तळाशी गेली. माशीवाल्यानं एक पीस उजेडात धरलं, तंतू बोटानं उलटे फिरवले आणि सोडले. चांगल्या पिसाचे तंतू ताडकन उभे राहतात. हे पडले तसेच पडून राहिले.

"रंग आहे मामा. पण यात जीव नाही. कोंबडा बघू जरा."

मामांना राग आला. तरतरा जाऊन त्यांनी थोरल्या कोंबड्याला पिंजऱ्यातून उचललं, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. हात सवयीनं छातीखाली गेला. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. कोंबड्याला जमिनीवर ठेवलं तर त्याचे पाय दुमडले आणि तो एका कुशीवर कलंडला. धडपडलाही नाही.

"हा जन्मापासून असाच होता का?" माशीवाल्यानं विचारलं.

"काळा होता," मामा म्हणाले.

"मग रंग कशानं गेला?"

मामा खोलीत आले. आतून आवाज ऐकून टिटवी उठून आली होती. बुडालेली माशी बघायला ती खिडकीशी वाडग्यावर वाकली. तिची आई पहाटे अंधारातच घाईघाईनं वेणी घालून कामावर जायची, आणि मामींच्या डोळ्यांना हल्ली बारीक दिसत नव्हतं. त्या खिडकीच्या उजेडात टिटवीचं डोकं आज पहिल्यांदाच आलं. मधोमध भांग. वेणी काळीभोर. आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, केसांच्या बुडाशी, बोटभर रुंद धूर.

मामांनी तिची वेणी सोडली. एक बट उचलून उजेडात धरली, जसं पीस धरतात तशी. टोकाला काळी, बुडाशी धुरकट. रंग कुठे पालटला ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. पीस बुडाकडून वाढतं, केसही तसाच. ज्या महिन्यात अंगणात पाणी लागलं, तिथूनच काळा रंग संपला होता.

"काय झालं हो?" मामी म्हणाल्या. "असे काय बघताय तिच्याकडे?"

"मीच पाजलं गं," मामा म्हणाले. "रोज. माझ्या हातानं."

मामींना आधी कळलं नाही. मग त्यांनी केस पाहिले, टेबलावरची पिसं पाहिली आणि तोंडावर हात दाबला. माशीवाला दाराशीच थिजला होता.

टिटवीला एवढंच कळलं की आजोबा रागावलेत. तिनं टेबलावरची मोठी बाटली ओढली आणि झाकण उघडू लागली. मामांनी ती हिसकावून घेतली.

"माझं गोड पाणी आहे ते," ती कुरकुरली.

"नाही बाळा. नाही. ते नाही प्यायचं." बाटली त्यांनी ओतून टाकली नाही, डॉक्टरांना दाखवायला काखेत धरली. वडिलांचं पीस कुठेतरी टेबलावरच्या ढिगात मिसळून गेलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "चल. दवाखान्यात जायचंय."

ती दोन पावलं चालली आणि दाराशी तिचे पाय दुमडले. खाली बसून तिनं वर पाहिलं, पण हात काही वर केले नाहीत. आजोबा उचलत नाहीत हे तिला आता पाठ झालं होतं.

मामांनी वाकून तिला उचललं. जन्मभराची सवय, हात आपोआपच छातीखाली गेला, आणि दोन बोटांनी पोरीचं हाड शोधलं.