न फवारलेल्या दहा ओळी

अकरावीच्या मुलांना प्रयोगातला 'नियंत्रित गट' शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण झटपट उरकते आणि त्यांना आमच्या वावरात घेऊन येते. आर्णीपासून ते फार लांब नाही. तिथेच मी हा धडा शिकले, आणि शिकताना बापावर भयंकर चिडले, हेही मुलांना सांगते.

तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आदल्या हंगामात बाबा कपाशीवर जहाल औषध फवारून घरी आले ते ओकायलाच लागले. दोन दिवस दवाखान्यात काढले. परत आल्यावर मला म्हणाले, "काही नाई वो माय, उन्हानं झालं." ते उन्हानं झालेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कॉलेजात प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा मी निंबोळी अर्क घेतला. अर्काने पानांचा रस शोषणारे तुडतुडे आटोक्यात राहतात एवढं दाखवलं, की त्या औषधाचा डबा पुन्हा घरात येणार नव्हता. बाबांनी तसा शब्दच दिला होता, "तू दाखव, मी सोडतो."

आमच्या प्राध्यापक बाईंनी रीत समजावली. दहा ओळींवर अर्क फवारायचा, शेजारच्या दहा ओळींवर काहीच नाही. दर रविवारी झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून तुडतुडे मोजायचे. सोबत ढालकिडे आणि कोळीही मोजायचे, कारण किडीला खाणारेही त्याच वावरात राहतात आणि जहाल औषध त्यांनाही सोडत नाही. मी न फवारायच्या ओळींच्या टोकांना लाल चिंध्या बांधल्या. आठवडाभर मी कॉलेजात, त्यामुळे अर्क बाबाच करत. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी जुन्या धोतरातून गाळायच्या, आणि पंप पाठीवर घ्यायचा.

रविवारमागून रविवार गेले, तरी दोन्हीकडचे आकडे सारखेच. एकदा तर मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पेन उघडलं आणि चिंध्यांच्या ओळींपुढे आकडे वाढवून लिहावेत असं फार वाटलं. कोणाला कळणार होतं? पण माझ्या खोट्या आकड्यांवर विसंबून बाबांचं पीक गेलं तर? खरे आकडे लिहिले आणि तिथेच रडले.

संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, "बाबा, निंबोळीनं काही होत नाही. फवारलं काय, न फवारलं काय, सारखंच."

बाबांचा घास हातातच राहिला. खाली पाहत म्हणाले, "न फवारलं असं नाई ना वो."

"म्हणजे?"

"अर्क उरे. दुसऱ्या दिवशी कामाचा नाई राहत. फेकाचा कायले? त्या तासायवर बी मारला." आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात.

"दरवेळेस?"

"दरवेळेस. बाजूच्यायले द्याचं अन् ते उपाशी ठेवाचे, मले नाई जमलं."

मी ताट सरकवून उठले. आई हसायला लागली, त्याने आणखीच भडकले. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले ती एक आशा धरून. दोन्हीकडे अर्क होता आणि दोन्हीकडे तुडतुडे कमी, म्हणजे अर्क लागू पडला ना? बाई शांतपणे म्हणाल्या, "कशावरून? पावसानेही कमी असतील. तुझ्याकडे तुलनेला काही उरलंच नाही." अहवालात तेवढंच लिहायला लावलं.

पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा केला, कॉलेजसाठी नव्हे, घरासाठी. बाबांनी उदार होऊन नाल्याकडच्या ओळी देऊ केल्या. "तिथं तसंबी काही येत नाई." मग ती झाडं किडीने खुरटली की जमिनीने, हे कसं कळणार? मी चिठ्ठ्या टाकल्या. निघाल्या नेमक्या विहिरीजवळच्या, वावरातल्या सगळ्यात चांगल्या ओळी. बाबांचा चेहरा उतरला, पण लाल चिंधी आली की ते पंप बंद करून पुढे जात. भादव्यात त्या ओळींची पानं कडेने लाल होऊन वाटीसारखी वळली. येणारेजाणारे विचारत, "यायले काहून सोडलं?" बाबा म्हणत, "पोरीचे हायेत, हात नाई लावाचा."

एका रविवारी ते स्वतः माझ्यासोबत पानं उलटायला बसले. अर्काच्या ओळींत तुडतुडे खरंच कमी होते, आणि ढालकिडेही टिकून होते. बाबा त्या आजारी झाडांपाशी बराच वेळ बसले. "आता यायले देऊ का थोडा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता.

तो डबा त्या वर्षी घरात आला नाही. एका वर्षाने काही सिद्ध होत नाही, पुन्हापुन्हा करून पाहावं लागतं, हे बाईंचं म्हणणं मी बाबांच्या कानावर घातलं होतं.

आता मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली. यंदा पेरणीआधी घरी गेले तेव्हा बाबा ओसरीवर स्टीलची वाटी घेऊन बसले होते. चिठ्ठ्या घड्या घालून तयार होत्या. त्यांनी डोळे मिटून एक उचलली, उघडली आणि तोंड पाडलं.

"पुन्हा विहिरीजवळचेच निघाले वो माय," म्हणाले, आणि लाल चिंध्या शोधायला आत गेले.