गंजीची आग आणि बीजगणिताची वही

त्या गंजीच्या आगीचा तपास इतक्या वर्षांत मी विसरू शकलेलो नाही. गेल्या महिन्यात नातीने एक प्रश्न विचारला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून आठवले.

सध्या माझा मुक्काम आखातातल्या महबूलात, मुलाकडे असतो. तो पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर आहे. नात पंधरा वर्षांची. शाळेसाठी ती एक कादंबरी वाचत होती. अमेरिकेत काळ्या लोकांनी समान हक्कांसाठी लढा दिला, त्या दिवसांत वाढणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. पुस्तकातले पोलीस मुलीला पकडून नेतात, तिथे नातीने मान वर केली.

"आजोबा, यू वेअर पोलीस. तुम्ही कधी अशा मुलीला अरेस्ट केलंत?"

"जवळजवळ केली होती," मी म्हणालो.

मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन पेटले होते. मी नवा फौजदार. एका गावात दिवेलागणीला पाटलांच्या घरामागची कडब्याची गंजी जळाली. पंचनामा आटोपून ठाण्यात परततो तोच खबऱ्या आला. दलित वस्तीतली, दहावीत शिकणारी एक मुलगी आगीच्या वेळी तिथून पळताना दिसली, म्हणाला. आदल्याच आठवड्यात तिने वस्तीतल्या सभेत भाषण केले होते. पाटलांनी फिर्यादीत तिचेच नाव घातले. वरून बिनतारी संदेश आला, आरोपीला ताबडतोब अटक करा. गावातली तरणी पोरे उघड म्हणत होती, पोलिसांना जमत नसेल तर आम्ही वस्तीवर जातो. मी वस्तीवर दोन शिपाई बसवले.

सकाळी वडील मुलीला घेऊन हजर झाले. ठाण्यात महिला पोलीस नव्हती, म्हणून तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना बोलावले. मुलीचा आवाज स्थिर होता.

"आग म्या लावली न्हाई, सायेब."

"मग त्या वेळी तिथे काय करत होतीस?"

"ते न्हाई सांगायची."

तासभर तेच उत्तर. हवालदार म्हणाला, "साहेब, लपवतेय म्हणजे तिनंच केलंय." मलाही तसेच वाटू लागले होते. अटकेचे कागद टेबलावर तयार होते. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, हे मला ठाऊक होते.

सभेतल्या घोषणा लिहिलेल्या असतील म्हणून मी तिचे दप्तर तपासले. बीजगणिताची वही निघाली. शेवटच्या पानावर आगीच्या दिवसाची तारीख होती, आणि हस्ताक्षरे दोन होती. गणिते एका हाताने सोडवलेली, चुका दुसऱ्या हाताने दुरुस्त केलेल्या.

"बाई, हा गृहपाठ कधी दिला होता?"

"त्याच दिवशी, शेवटच्या तासाला."

म्हणजे ही गणिते त्याच संध्याकाळी सोडवलेली होती. "आणि हे दुसरं अक्षर कुणाचं?"

बाईंनी मुलीकडे पाहिले. मुलगी पहिल्यांदाच रडली. "बाई, नगा सांगू. तिची शाळा बंद करतेल."

बाईंनी वही हातात घेतली. मग हळूच म्हणाल्या, "पाटलांच्या मुलीचं."

मी थेट पाटलांच्या घरी गेलो. पाटील ओसरीवर होते. वही पाहून त्यांनी आपल्या मुलीला हाक मारली, पण बाहेर आली ती मुलीची आई.

"तिला नका विचारू, फौजदारसाहेब. मागलं दार मीच उघडते. रोज दोघी चुलीपाशी अभ्यास करतात. आरडाओरडा झाला तवा ती पोरगी माझ्यासमोर बसली होती. कुणी बघायच्या आत पळ, म्हणून म्याच तिला काढून दिलं."

पाटील गरजले, "आत जा तू!"

"जाते. आधी त्यांना लिवून घेऊ द्या."

मी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. अशा जबाबावर सही किंवा अंगठा घेत नाहीत, तरी त्यांनी विचारले, "अंगठा कुठं द्यायचा?"

फिर्यादीला दुजोरा देणाऱ्या पाटलांच्या सालगड्याला मी पुन्हा बसवून विचारले, तेव्हा तोही खरे बोलला. गंजीला टेकून त्याने बिडी ओढली होती आणि डोळा लागला होता. मालक वस्तीचे नाव घेताहेत म्हटल्यावर त्याने मान डोलावली होती. अटकेचे कागद मी माझ्या हाताने फाडले. मुलीचे वडील ठाण्याच्या पायऱ्यांवरच खाली बसले. मी त्यांना पाणी दिले.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर बंदोबस्ताला मी होतो. दोघी वेगवेगळ्या आल्या. मधल्या सुट्टीत मात्र सगळ्यांदेखत एकाच डब्यातून जेवल्या.

नातीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आणि त्या आंटी बोलल्या नसत्या तर?"

"तर मी अटक केली असती," मी खरे तेच सांगितले.

गप्प बसणारा माणूस गुन्हा लपवतो, असे आम्हाला वाटते. कधी कधी तो दुसऱ्या कुणाला वाचवत असतो. त्यानंतर प्रत्येक तपासात मी घरातल्या बायकांचा जबाब आवर्जून घेतला. नोकरीत शेकडो अटका केल्या, त्यांतल्या बऱ्याच आता आठवतही नाहीत. ही एक केली नाही, याचे मात्र आजही मनापासून हायसे वाटते.