खोडलेलं ‘होय’

सर्वेक्षणाचे अर्ज मी संगणकात भरत होते. ‘घरात कुणाची भीती वाटते का?’ या प्रश्नापुढे एका बाईने ‘होय’वर केलेली खूण कागद विरेपर्यंत खोडलेली होती आणि ‘नाही’वर ठळक खूण होती. खोडली कुणी, हे विचारायला अर्जात रकाना नव्हता.

साहेबांना दाखवलं. “शेवटची खूण धरा, ताई. ‘होय’ भराल, तर पडताळणीला माणूस पुन्हा तिच्याच घरी जाईल. सगळ्यांदेखत तेच विचारेल.”

मी ‘नाही’ भरलं. आता चकचकीत अहवालात ती निर्भय बायकांत मोजली जाईल, प्रकाशनाला टाळ्याही पडतील. मी तिला वाचवलं, असं स्वतःला सांगते. पण भीती वाटते, की तिच्या दाराला मीच बाहेरून कडी घातली.