हवेचं भाडं

तारीख १ फेब्रुवारी १९६०. मागणी दरमहा पाच रुपयांची. हजर तिघे: घरमालक, माझी बायको आणि मी. घरमालकांनी भाड्याचे अठरा रुपये मोजून खिशात घातले, मान वर केली आणि म्हणाले, "ह्या तारेचे पाच वेगळे पडतील."

तार माझी होती. अंगणातल्या माझ्या बांबूपासून शेजाऱ्यांच्या चिंचेपर्यंत सहासष्ट फूट ताणलेली, आणि शेजाऱ्यांना विचारून बांधलेली. मी पनवेलच्या एका भातगिरणीत हिशेबनीस होतो; पण परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून घरात हौशी बिनतारी केंद्र चालवत असे. दर रविवारी सकाळी आठ वाजता नागपूरचे एक डॉक्टर आपल्या यंत्रापाशी बसत, मी माझ्या, आणि आम्ही टकटक करून एकमेकांशी बोलत असू. तारेवाचून माझं यंत्र मुकं होतं.

"तार तुमच्या कौलांना कुठे टेकलीय?" मी विचारलं.

"कौलांवरून जाते ना? जागा माझी आहे."

"कौलं तुमची, मान्य. कौलांच्या वरच्या हवेचा सातबारा असला तर दाखवा. पाच काय, दहा देतो."

बायकोला हसू आवरलं नाही आणि तेच घरमालकांना झोंबलं. "वीज पडली तर सातबारा कोण दाखवणार? पाच द्या, नाहीतर आजच उतरवा. पाडव्याला गुढीबरोबर तुमची तारही परत चढेल, आणि पाच रुपये घेऊन तुम्हीच माझ्या ओट्यावर याल."

मी त्याच संध्याकाळी तार उतरवली. चिंचेखाली उभे राहून ते बघत होते. त्यांना वाटलं, जिंकलो.

"हौस गेली म्हणायची," बायको म्हणाली.

"तार गेली. हौस कुठे गेली?"

माझा हिशेब असा होता. जी तार बांधलेली असते तिच्यावर कुणीही हक्क सांगतो. खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या तारेवर कोण सांगणार? अकरा-अकरा फुटांचे तीन बांबू, जोडांना लोखंडी नळ्या, वर जाणारी तेहतीस फूट तांब्याची तार, आणि चार बाजूंना ताणायला सुंभाच्या दोऱ्या. अशा उभ्या तारेला खाली ओली जमीन लागते, जितकी खारट तितकी चांगली. पनवेलला खाऱ्या चिखलाचा तोटा नव्हता. फक्त परवान्यात घराचा पत्ता होता. म्हणून यंत्र बाहेर नेऊन चालवण्याची लेखी परवानगी मागितली आणि ती हातात पडेपर्यंत यंत्राला बोट लावलं नाही. घरमालक रोज विचारत, "काय, पाच रुपये जमताहेत का?" मी म्हणे, "पाडवा अजून लांब आहे."

परवानगी पाडव्याच्या आठवडाभर आधी आली. मधला रविवार अमावस्येचा होता. डॉक्टरांना पत्राने कळवलं आणि सकाळी सायकलच्या मागे यंत्र, पुढे मोटारीची बॅटरी आणि दांड्याला बांबू बांधून निघालो. घरमालक ओट्यावर दात घासत होते.

"एक दिवस आधीच गुढी निघाली वाटतं! कुठे उभारणार?"

"जिथे भाडं नाही तिथे," मी म्हणालो.

खाडीचं पाणी ओसरलेलं होतं. बांधावर यंत्र मांडलं, चपला काढल्या आणि चिखलात उतरलो. एका ठिकाणी जुन्या खुंटाचं भोक होतं, तयार. त्यातच बांबू रोवला, दोऱ्या ताणल्या, तांब्याची पट्टी चिखलात पुरली. साडेसात वाजले होते.

"काय रं भाऊ, ही काठी कुनाची?"

बांधावर एक कोळीण उभी होती. डोक्यावर जाळं, मागे तिच्या सुनेच्या हातात दुसरं.

"माझी."

"काठी तुजी. जागा कुनाची? कोनाला इचारून रोवलीस? ही आमची मेढ हाय. म्हैन्याखाली मोडली म्हनून रिकामी दिसतंय. आज उधान हाय, आज जाल नाय लावला तं कवा लावू?"

तेव्हा कळलं. खाडीत जाळी बांधायला जे खांब रोवतात, त्या मेढी. आणि मेढीची जागा त्या त्या घराची असते. दुसऱ्याने तिथे काठी रोवली म्हणजे जागेवर हक्क सांगितला. मी दोन महिने ज्या गोष्टीवर भांडत होतो, तीच गोष्ट मी करून बसलो होतो.

तरी माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघालंच, "कागद आहे का काही?"

"कागद पान्यात टिकतो का रं? मेढ टिकते. माज्या सासऱ्यानं रोवली, मोडली का आमी रोवतो. तू रोवायला येशील?"

मी दोऱ्या सोडायला वाकलो.

"थांब. कशापायी उभी केलीस ती तरी सांग."

सांगितलं: नागपूरच्या माणसाशी बोलायचंय, आठ वाजता, अर्धा तास.

"नागपूर? ह्या चिकलातून?" सून हसायला लागली. म्हातारी हसली नाही. तिने पाण्याकडे पाहिलं. "भरती हितं यायला येळ हाय. तवर बोल. पन मेढीच्या जागेचा मान द्याचा. एक नारल, एक रुपया. भरती आली का काठी उपटून नवी मेढ रोवू लागायचं."

"आत्ता जवळ काही नाही."

"मंग उद्या दे. मी पलतंय का खाडी पलतंय?"

आठ वाजता डॉक्टरांना हाक दिली. पहिल्याच हाकेला उत्तर आलं, आणि घरच्या तारेवर कधी नव्हतं इतकं स्वच्छ. "तार चढवली वाटतं परत?" त्यांनी विचारलं. "नाही," मी कळवलं, "जमिनीतच रोवली." सून यंत्राचा हेडफोन कानाला लावून ते टकटक ऐकत बसली आणि सासूला म्हणाली, "आत्या, खेकडा चालतंय जनू!"

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मी काठी उपटली आणि त्यांच्याबरोबर मेढ रोवली. घरी पोचलो तो कमरेपर्यंत चिखल. बायकोने पाहिलं आणि बंबात लाकडं सारली.

पाडव्याला घरमालकांनी आपल्या दारातून हाक मारली, "काय, पाच रुपये?"

"नागपूरशी बोलणं झालं काल," मी म्हणालो. "तुमच्या कौलांवरून नाही गेलं."

"मग कुणाच्या?"

"ज्यांची जागा खरंच त्यांची आहे, त्यांच्या. त्यांना द्यायला निघालोय."

हिशेब चुकता केला तो असा: कोळीवाड्यातल्या म्हातारीला एक नारळ आणि एक रुपया, तिच्या हातात, सुनेसमोर. एक तारखेला घरमालकांना भाड्याचे अठरा. तारेचे काही नाही.