सिमेंटच्या आतली भिंत

मंगळवारची गोष्ट. श्रावणातली झड उघडली म्हणून मी घराच्या मागे गेलो... आणि बघतो तर मागच्या भिंतीचं पोट सुटलेलं.

रिठदला आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागची एक मातीची. तिथेच आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी झोपतो. भिंत मातीची असली तरी बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. गल्लीत सगळ्यांनी केला, मग आपणही केला... दुरून घर पक्कं दिसतं.

त्याआधी दिवाळीच्या तोंडावर आमची मंडळी ती भिंत आतून-बाहेरून पोतारायची. पांढरी माती नि शेण कालवून, हाताने. सिमेंट लागल्यावर बाहेरचं काम सुटलं, आतलं तेवढं ती करत राहिली. मला वाटलं, बरं झालं, तिच्या गुडघ्यांना आराम.

पण पुढे गिलाव्याला भेगा जायला लागल्या. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं करायचो. रिसोडहून सुटं सिमेंट आणायचं, थापीने भेग बुजवायची. एक बुजवली की पुढच्या पावसात शेजारी दुसरी. मी पुन्हा सिमेंट कालवायचो...

खरं सांगतो, मला भिंतीची तेवढी भीती नव्हती. भीती गजूची होती. गजू आमचा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. दर फोनला त्याचं एकच, ते घर राहू द्या, दोघं इकडे या. भिंत खराब झाली असं कळलं असतं तर तो न्यायला उभाच राहिला असता. म्हणून व्हिडिओ कॉल आला की मी फोन पुढच्या दारात जाऊन धरायचो.

तर मंगळवारी ते पोट दिसलं. बोटाने वाजवून पाहिलं, रिकाम्या डब्यासारखा आवाज. मी थापी शोधायला लागलो... तेवढ्यात मंडळी मागे येऊन उभी राहिली. तिने तळहात भिंतीला लावला आणि वरून खाली हळूहळू फिरवला, पोतारताना फिरवायची तसा.

"गेली हे," ती म्हणाली. "ठेवून द्या ते थापी."

मी म्हणालो, वरून थोडं मारलं की दिवाळीपर्यंत निभेल. तिने सरळ गल्लीतल्या रहीम मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्रीने एका भेगेत लोखंडी सब्बल घातली आणि जरा उचलली. गिलाव्याचा हाताएवढा पोपडा सुटून आला, आणि त्याच्यासोबत माती... ओली, भिजवलेल्या कणकेसारखी. मातीची भिंत पावसात भिजते नि उन्हात वाळते. आमची नुसती भिजतच राहिली होती, कारण भेगेतून आत गेलेलं पाणी सिमेंट बाहेर येऊ देत नव्हतं. मी भेग बुजवत होतो, म्हणजे पाणी आत कोंडत होतो.

"आबाजी, दुरुस्ती भिंतीची होते. इथं भिंतच कुठं राह्यली," मिस्त्री म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसला. "तुमची इज्जत ठेवाले उभी होती बिचारी."

पुढचा पाऊस यायच्या आत ती पाडायची ठरली. सामान काढायला मी आत गेलो. मंडळीला म्हणालो, आधी तुझी खाट काढू, ती भिंतीला लागून आहे. बोललो आणि तिथेच थांबलो... ती जागा तर माझी होती. दोन वर्षांमागे तिनेच खाटा बदलल्या होत्या. तुम्हाला खोकला आहे, भिंतीचा गारवा बाधतो, तुम्ही दाराकडे झोपा म्हणाली होती.

मी विचारलं, "तुले तवापासून माहीत होतं?"

"आतून पोतारतो मी. हाताले समजत नाही का?"

"मंग बोलली काहून नाही?"

ती खाटेवरची वाकळ घडी करत होती. "बोलली असती तर तुमी रोज जागे राह्यले असते. म्हटलं, दोघातून एकाले तरी झोप लागू द्या."

तिने घडी माझ्या हातात दिली आणि खाटेचं एक टोक उचललं.

बुधवारी भिंत पाडली. पाडली काय, ढकलली. आता तिथे ताडपत्री बांधली आहे, वारा आला की ती फडफडते. गजूला फोन मंडळीनेच लावला. तो रविवारी न्यायला येतो आहे. घराला कुलूप लावून ठेवा म्हणाला. एक बाजू उघडी असलेल्या घराला कुलूप कुठे लावायचं... हे मी त्याला विचारलं नाही.

पावसाळा झाला की येऊ, विटांची भिंत बांधू, असं मंडळी म्हणते. मी हो म्हणतो. पण मला खरं वाटत नाही. या वयात घरातून निघालेला माणूस भिंत बांधायला परत येत नाही.

तुमच्याकडे मातीच्या भिंतीवर सिमेंट असेल तर भेगा बुजवत बसू नका. आतून हात लावून बघा. ओल लागली, बोट आत गेलं, तर वेळीच मोडा...

आणि घरातल्या कोणी काही निमित्त काढून तुमची झोपायची जागा बदलली असेल, तर का बदलली ते त्याच दिवशी विचारा. मी विचारलं नाही. ती दोन वर्षं त्या भिंतीखाली जागी होती, आणि मी शेजारी घोरत होतो.